पंपाच्या झाकणाचे सहा स्क्रू

माझ्या नोकरीतली एक घटना अजून मनातून जात नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. होते फक्त एका पंपाच्या झाकणाचे सहा ढिले स्क्रू. पण त्यापायी एका बाईवर गुन्हा दाखल व्हायची वेळ आली होती.

तेव्हा मी संभाजीनगरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळची हजेरी संपते न संपते तोच हवालदारांना एका कारखान्यातून फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "पंप जोडणारी बाई मुद्दाम स्क्रू ढिले सोडते. दोन इंजिनं गेली. विमान पडल्यावर येणार का तुम्ही?" एवढं बोलून फोन बंद. दुपारी त्याच कारखान्याचे मालक तक्रार अर्ज घेऊन समोर बसले.

कारखाना लहान. वैमानिक नसलेल्या छोट्या विमानांसाठी तिथे रोटरी इंजिनं जोडतात. या इंजिनात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर फिरतो आणि त्याला सतत तेल लागतं. ते पोचवतो मुठीएवढा ऑइल पंप. पंपाचं झाकण सहा स्क्रूंनी बसतं. ते ढिले राहिले तर तेल गळतं, दाब पडतो आणि इंजिन जाम होतं. चाचणी घेताना दोन इंजिनं अशीच जाम झाली होती.

"पंप जोडणारी एकच बाई आहे, साहेब," मालक म्हणाले. "पाच वर्षांत तिचा एकही पंप परत आला नाही. दसऱ्याआधी मी तिच्यावर बाहेरचा सुपरवायझर आणला. तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, 'बघते आता पंप कसे चालतात.' अजून काय पुरावा पाहिजे?"

मला याद्या करायची सवय आहे. वहीत 'संशयित' असं लिहून त्याखाली क्रमांक एकला त्या बाईंचं नाव टाकलं. क्रमांक दोन रिकामा राहिला.

गुन्हा मात्र लगेच दाखल केला नाही. मालक नाराज झाले. मी म्हणालो, "एकदा गुन्हा लागला की विमानाच्या कामाला त्यांना कुणी उभं करणार नाही. उद्या त्या निर्दोष निघाल्या तर तो शिक्का पुसता येतो का? दोन दिवस द्या." स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि चौकशी सुरू केली.

जबाबासाठी महिलेला ठाण्यात बोलवायचं नसतं, आपणच तिच्या घरी जायचं. महिला हवालदारांना घेऊन पाचोडला गेलो. बाजाराचा दिवस होता. गाडी लांब लावून चालत जावं लागलं. बाईंचं वय पस्तिशीच्या आसपास. शेजारी भाऊ बसला होता.

"कामावरून काढलं तुम्हाला?"

"काढलं नाय. येऊ नको म्हनले. त्येच ते."

"'बघते पंप कसे चालतात' असं म्हणालात?"

"व्हय, म्हनले. रागात मानूस बोलतंच. तुम्ही घरी कधी बोलत नाय का?"

महिला हवालदारांनी हसू दाबलं. मी पुढे गेलो. "मग स्क्रू ढिले कसे राहिले?"

"किती ढिले व्हते?"

"सहाच्या सहा."

"सारखेच?"

वहीत तपासणीचे आकडे होते. ते पाहिले. सगळे जवळपास सारखेच ढिले.

"मंग मला सांगा साहेब, खोडीच करायची तर म्या एक स्क्रू सोडला असता. सहाच्या सहा एका मापानं ढिले सोडायचे म्हंजी लई मेहनत. खोडी करनारं मानूस एवढं नेटकं नसतंय."

इतक्या वर्षांत मी एक पाहिलं होतं. दोषी माणूस स्वतःबद्दल बोलतो: मी तसा नाही, मी तिथे नव्हतो. या बाई पंपाबद्दल विचारत होत्या.

स्क्रू कसे आवळता, असं विचारल्यावर त्यांनी हातानेच दाखवलं. "टॉर्क पान्यानं. मुठीवर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की पाना टक् करतो. तिथं थांबायचं. माझा आकडा ठरलेला हाये. मूठ हलू नये म्हनून वरून लाल टेप."

"या महिन्यात टक् व्हायचं चुकलं कधी?"

"एकदाबी नाय."

"आणि सुट्टी?"

"दसऱ्याला तीन दिस. नागपूरला, दीक्षाभूमीला. दरसाल जाते."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बसून दुसरी यादी केली: पंपाचा क्रमांक आणि जोडणीचा दिवस. बिघडलेले दोन्ही पंप दसऱ्यानंतरचे होते.

"बघा, सुपरवायझर आल्यानंतरचेच," मालक म्हणाले.

"बाई नागपूरला असताना पंप कोणी जोडले?"

सिल्लोडकडचे ते नवे सुपरवायझर पुढे आले. "मी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. चार पंप. स्टोअरला आहेत."

"उघडा."

"पण साहेब, ते मी जोडलेत."

"म्हणूनच."

दोन पंच उभे करून चारही पंप तपासले. चोवीस स्क्रू, चोवीसही ढिले, आणि तेही त्याच मापाने. हात वेगळा होता, पण पाना तोच होता.

मी पाना मागवला. मुठीवरची लाल टेप कोरी करकरीत होती. सोलून काढली तर आकड्यांच्या कोरीव रेघांत कुंकू भरलेलं.

ते पाहून मला आमचं ठाणं आठवलं. दसऱ्याला आम्हीही शस्त्रांची पूजा करतो. एका वर्षी पूजेतल्या रायफलीच्या नळीत झेंडूची पाकळी सापडली होती. तेव्हापासून मी नियमच केला होता: पूजेतलं प्रत्येक हत्यार पुन्हा तपासायचं, मगच ड्युटीवर द्यायचं. कारखान्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारं पूजली जातात. तिथे असा नियम नव्हता.

"पूजेची तयारी कोणी केली?"

"मीच," सुपरवायझर म्हणाले. "नवीन होतो. सगळं लखलखीत दिसावं म्हणून मळकी टेप काढली, मूठ फिरवून पुसली. पूजा झाल्यावर आकडा लावून नवी टेप चिकटवली. कुंकवानं रेघा नीट दिसत नव्हत्या, अंदाजानं लावला. आणि तुम्हाला फोनसुद्धा मीच केला होता, साहेब."

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पाना मापण्याच्या यंत्रावर लावला, तर निम्म्या जोरालाच टक् करत होता.

दसऱ्यानंतरचे सगळे पंप काढून पुन्हा तपासले गेले. त्यातला एकही अजून विमानात बसून उडाला नव्हता. मालकांनी अर्ज मागे घेतला आणि मी चौकशी बंद केल्याची नोंद केली. सुपरवायझर बाईंना आणायला स्वतः पाचोडला गेले. त्या त्यांना म्हणाल्या, "भाऊ, फोन करताना नाव सांगायचं असतंय." मग स्वतःच पुढे म्हणाल्या, "टेप नवी दिसली तवा म्याबी पाना मापाय पायजे व्हता."

या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुढे नोकरीत होतो तोवर वहीत माणसांची यादी करण्याआधी वस्तूंची करायचो. माणूस रागात काय बोलला ते साक्षीदारांना बरोबर आठवतं. पान्यावरची टेप कधी बदलली, ते कुणी आपणहून सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच खंडेनवमीला मालकांनी पूजेला बोलावलं. पंपाचं काम आता बाईंच्या ताब्यात आहे. आरती झाली तशी त्यांनी ताटातला टॉर्क पाना उचलला. त्यांना संध्याकाळी नागपूरची गाडी धरायची होती.

"आता पूजा झाली. पाना माझा," त्या म्हणाल्या. कुंकू पुसता पुसता त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्या वहीत माझं नाव कितव्या नंबराला व्हतं?"

"पहिल्या."

"आन् पान्याचं?"

"नव्हतंच."

त्यांनी पाना यंत्रावर लावला. टक् झालं. भिंतीवरच्या कागदावर त्यांनी आकडा लिहिला, खाली सही केली. सुपरवायझरांनी सही केली. तिसरा रकाना रिकामा होता.

"तिथं तुम्ही करा," पेन माझ्याकडे देत त्या म्हणाल्या. "साक्षीदार म्हनून."

मी आधी आकडा पुन्हा वाचला. मग सही केली.