मोबाइलमधल्या घोड्याचा देवमण

जो घोडा जगात नाही त्याच्या अंगावरचे भोवरे तपासून त्याचं मोल ठरवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही. नोकरीमुळे मी लोणखेड्याला त्यांच्याच घरी राहते, त्यामुळे ओळख नाकारायची सोय नाही, एवढंच.

मावसांनी आयुष्यभर शेती केली, पण ती जोडधंदा म्हणून. मुख्य काम सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लोकांना घोडा पारखून देण्याचं. या कामाचे ते काही घेत नसत. चहा तेवढा घेत, तोही दोन्ही बाजूंकडून. त्यांनी मान हलवली की सौदा व्हायचा आणि नाक मुरडलं की मालक घोडा घेऊन दुसऱ्या रांगेत जायचा. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे कुठे फिरतात यावरून ते घेणाऱ्याचं पुढचं आयुष्य सांगत. गळ्याखाली भोवरा असला तर तो देवमण, म्हणजे घरात बरकत. डोळ्याखाली असला तर तो आसूढाळ, म्हणजे घरात रडारड. या भोवऱ्यांचा घोड्याला स्वतःला काही फायदा होतो का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हल्ली मात्र घोडेवाले आपल्या जनावराचे व्हिडिओ आधीच टाकतात, घेणारे लांबून मोबाइलमध्ये बघत बघत येतात, आणि मावसांना कोणी विचारत नाही. सारंगखेड्याच्या गेल्या यात्रेतून ते दुपारीच घरी आले. एवढ्या लवकर कसे, असं मावशीने विचारलं तर धूळ फार होती म्हणाले. घोडेबाजारात धूळ असते हे त्यांना त्या वर्षी कळलं.

पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हा माणूस खाटेवर टिकणार नाही हे ओळखून सुरतेला असलेल्या त्यांच्या मुलाने त्यांच्या मोबाइलवर एक खेळ टाकून दिला. त्या खेळात राक्षस मारायचे असतात. मावसांनी आजवर एकही राक्षस मारलेला नाही. ते थेट बाजारात गेले. खेळणारे तिथे आपल्याकडच्या तलवारी, चिलखतं, घोडे एकमेकांशी बदलतात. मी इंग्रजी माध्यमातून कॉमर्स शिकले आहे, त्यामुळे अशा वस्तूंना मोल कसं येतं हे मला पुस्तकातून ठाऊक आहे. कंपनी एखादी वस्तू चार दिवस देते, मग बंद करते, आणि पुढे ती मौल्यवान होते, कारण ती शेजाऱ्याकडे नसते. मावसांचं शास्त्र याहून जुनं होतं.

खेळात एक काळा घोडा होता, एका दिवाळीत थोड्याच लोकांना मिळालेला, आणि एक पांढरा. दोघे सारखेच पळत. मावसांनी मुलाने आपल्या खात्यातून दिलेल्या दोन तलवारी देऊन काळा घेतला, चष्मा लावला, चित्र बोटांनी मोठं केलं आणि खाटेवर ताठ बसले. कुठल्या देशातल्या कुठल्या चित्रकाराने शोभेसाठी काढलं असेल कोण जाणे, पण घोड्याच्या गळ्याखाली एक गोल वळण होतं. देवमण. पांढऱ्याच्या डोळ्याखाली तसंच वळण निघालं. एकच गोष्ट त्यांना खटकली. घोडा तोंड उघडत नव्हता, त्यामुळे दात मोजून वय काढता येईना. विकणारा काहीतरी लपवतोय असा संशय त्यांना बरेच दिवस होता.

हा खेळ खेळणाऱ्या आमच्या भागातल्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मावसांनी तिथे आपला निकाल बोलून पाठवला. आधी लोक हसले. मग कळसाडीच्या एकाची विहिरीवरची मोटार जळाली, आणि त्याच्याकडे पांढरा घोडा निघाला. एवढा पुरावा आमच्याकडे पुरतो. पंधरवड्यात काळ्या घोड्यापुढे लोक तीन-तीन चिलखतं ठेवू लागले, आणि पांढरेवाले आपला घोडा ग्रुपवर दाखवेनासे झाले. पांढऱ्या घोड्याचं चित्र जगभर एकच आहे, म्हणजे त्याचे सगळे मालक एकाच वेळी रडत असले पाहिजेत, हा मुद्दा माझ्या मनात होता. तो मी मनातच ठेवला. माझे बहुतेक मुद्दे तिथेच राहतात.

मावशीचे मुद्दे मात्र बाहेर येतात. "गोठामा गाय हंबरी ऱ्हायनी," ती म्हणाली, "आनि ह्या मोबाइलमाना घोडाना दात मोजी ऱ्हायनात." मावसा पुढच्या घोड्याचं चित्र मोठं करत होते. त्यांना सवड नव्हती. रोज कोणीतरी विचारत होतं, आप्पा, हा घोडा घेऊ का, आणि मावसा सांगत होते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

पुढे सौदा ते मोबाइलवर करेनासे झाले. समोरच्याने घरी यायचं, ओट्यावर बसायचं आणि टॉवेलखाली हात द्यायचा. घोडेबाजारात असंच असतं. देणारा-घेणारा कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. बसस्टँडजवळ ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एका ताईंना मावसांचा काळा घोडा हवा होता. त्यांच्याकडे उडायचे सोनेरी पंख होते. लग्नसराई नसलेले सगळे महिने खेळून त्यांनी ते मिळवले होते. घोडा एक, पंखांची जोडी एक, भाव करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी दोघांचे हात कितीतरी वेळ टॉवेलखाली होते आणि शेजारचे माना उंच करून बघत होते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काळ्या घोड्याचं मोल आणखी चढलं, कारण आप्पांचा टॉवेल फार वेळ हलत होता. माझ्या कॉमर्सच्या पुस्तकात टॉवेलवर धडा नाही.

त्या पंखांवर मावसांचा फार जीव बसला. ओट्याच्या पायऱ्या त्यांना उतरवत नव्हत्या, पण संध्याकाळी चहा झाला की ते बर्फाच्या डोंगरांवरून उडायचे आणि खाली राक्षसांशी झगडणाऱ्या लोकांकडे बघून हळहळायचे.

मग एका सणाला कंपनीने तो काळा घोडा, खेळ उघडेल त्याला, फुकट देऊन टाकला. दुपारपर्यंत तो सगळ्यांकडे होता. पांढरेवाल्यांकडे होता. माझ्याकडेही होता, मी खेळ कशासाठी उघडला होता हे इथे महत्त्वाचं नाही. ग्रुपवर कोणी विचारलं की आप्पा, आता तालुकाभर बरकत का, आणि त्याखाली हसणारे चेहरे संध्याकाळपर्यंत येत राहिले. सल्ला मात्र कोणी विचारला नाही. मावसांनी मोबाइल उशीखाली ठेवला आणि जेवायला बसल्यावर कान दुखतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पार्लरच्या ताई आल्या. बसल्या नाहीत. "आप्पा, तुम्हीच सांगेल व्हतं, असा घोडा दुसरा नही," त्या म्हणाल्या. "फुकटना घोडाले मी मन्हा पंख दिधात."

मावसा म्हणाले, "घोडामा खोड नही, ताई. खोड कंपनीमा शे." मावशी हसली. मीही हसणार होते, पण मावसांनी उशीखालून मोबाइल काढला होता. बाजाराचा रिवाज असा की ज्याने हमी दिली त्याने, खोड निघाली तर, घोडा परत घ्यायचा. ते म्हणाले, "घोडा माले दी टाक, तुन्हा पंख ली जाय."

खेळात कोणी असं परत करत नाही. ताईंनाही ते अपेक्षित नव्हतं, त्या फक्त बोलून घ्यायला आल्या होत्या. त्या गडबडल्या. "ऱ्हाऊ द्या, आप्पा. खेळ शे तो."

"खेळ कंपनीना शे," मावसा म्हणाले. "शब्द मन्हा व्हता."

पंख द्यायचं बटण दाबल्यावर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. खात्री आहे का विचारतंय, मी म्हटलं. त्यांनी थोडा वेळ त्या पंखांच्या चित्राकडे पाहिलं आणि 'हो'वर बोट ठेवलं. ताई गेल्या. जाताना त्यांनी मावसांना वाकून नमस्कार केला. पंख परत मिळाले म्हणून करतात त्यातला तो नव्हता.

आता ग्रुपवर घोड्यांबद्दल कोणी बोलत नाही. सगळ्यांकडे आहे, म्हणजे तो कोणाचाच नाही. मावसा मात्र चहानंतर खेळ उघडतात आणि त्या गर्दीत आपला काळा घोडा घेऊन उभे राहतात. परवा मी त्यांच्याशेजारी बसले होते. बराच वेळ मनात जुळवाजुळव करून शेवटी मी विचारलं, "मावसा, हा घोडा कसा आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसला, घोडा बाजाराबाहेर नेला आणि मोकळ्या मैदानात एकदा लांबवर चालवून परत आणला.

"आते गिऱ्हाइक नही ना," ते म्हणाले. "देख, आते कोठे बरोबर चाली ऱ्हायना."