वहिनीने काय शोधलं

दादाच्या घरचा ब्राउझर फार हळू चालायचा. परवा पान उघडेना म्हणून त्याने कीबोर्ड टेबलावर आपटला. बटणं फरशीभर उडाली. एवढा आवाज होऊनही वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

"तूच बघ काय ते," म्हणत तो अंघोळीला गेला.

मी माउसनेच उघडी पानं बंद केली आणि हिस्टरी पुसायला घेतली. तिथे वहिनीने विचारलेलं दिसलं, 'गालावरचा वळ लवकर कसा जातो?' त्याखाली, 'नवरा मारतो, कुणाला सांगायचं?'

लहानपणी दादाच्या याच हाताचं बोट धरून मी रस्ता ओलांडायचे.

त्याला दिसू नये म्हणून मी सगळं पुसलं. ब्राउझर झरझर चालू लागला. मी आत गेले.

"वहिनी, मला सांग," मी म्हटलं.

पाठमोऱ्या वहिनीने गॅस बंद केला आणि तोंड माझ्याकडे वळवलं.