नऊ नंबरच्या खांबाचं माप

तिकडे नऊ नंबरच्या खांबाखाली काँक्रीट पडायला लागलं होतं आणि इकडे टिनाच्या ऑफिसात मी ड्रॉइंगवर पट्टी लावून बसलो होतो. पुढच्या एका खांबाचं माप सहज पडताळून पाहत होतो. ड्रॉइंगवर लिहिलेलं पंधराशे मिलिमीटर. पट्टी म्हणाली चौदाशे नव्वद. चष्मा पुसून पुन्हा लावली. चौदाशे नव्वद. मग दुसरं माप घेतलं, तिसरं घेतलं. प्रत्येक ठिकाणी पट्टी आकड्यापेक्षा थोडी कमीच दाखवत होती.

मी पट्टी खाली ठेवली. कारण नऊ नंबरच्या खांबाचं माप मी दोन दिवसांपूर्वी ह्याच कागदावर ह्याच पट्टीनं काढून दिलं होतं.

मी मूळचा तुमसरकडचा. नागपूरला डिप्लोमा केला, कलकत्त्याच्या एका डिझाइन फर्ममध्ये लागलो, आणि भिलाईत रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहू लागला तसा फर्मनं मला तिथं पाठवलं. आज त्या फर्मची ऑफिसं कितीतरी देशांत आहेत, तिथल्या लिफ्टमध्ये संगीत वाजतं. तेव्हा कलकत्त्यात दोन खोल्या आणि भिलाईत हे टिनाचं ऑफिस, सगळी मिळून अकरा माणसं. आमचं काम असं, की रशियन इंजिनिअरांच्या मूळ नकाशांवरून आपल्या ठेकेदारांना वाचता येतील अशी ड्रॉइंगं तयार करायची. कारखान्याचा एक छोटा शेड आम्हाला करून बघायला दिला होता. तो नीट झाला तर त्याच्या शेजारच्या मोठ्या शेडचं काम आम्हाला मिळणार होतं. नाही झाला तर भिलाईचं ऑफिस बंद, आणि सगळ्यात आधी घरी जाणार तो मी. गावी आई-बाबा, दोन बहिणी लग्नाच्या. मला ती नोकरी जाऊन चालणारच नव्हतं.

आता खांबाची गोष्ट सांगतो. लोखंडी खांब जमिनीतून वर आलेल्या चार जाड बोल्टांवर बसतो. हे बोल्ट काँक्रीटमध्ये गाडलेले असतात. काँक्रीट भरताना ते हलू नयेत म्हणून वरून खड्ड्याच्या साच्यात घट्ट बसणारी एक लाकडी फळी ठोकतात, तिला नेमक्या जागी चार भोकं, त्यातून बोल्ट खाली लोंबत असतात. या फळीला टेंप्लेट म्हणतात. एकदा काँक्रीट घट्ट झालं की ते बोल्ट ब्रह्मदेवाच्या बापालाही सरकवता येत नाहीत. भोक चुकलं तर खांब बसत नाही, खांब बसला नाही तर वरची छपराची कैची बसत नाही, आणि मग फोडा सगळं.

नऊ नंबरचा खांब आठ नंबरपासून किती दूर, हे ड्रॉइंगवर लिहायचं राहून गेलं होतं. कलकत्त्याला विचारायचं तर ट्रंक कॉल लावून अर्धा दिवस बसा. मूळ ट्रेसिंग, म्हणजे ज्यावरून प्रिंट काढतात तो नकाशा, भिलाईतच होतं, पण ते मेणकापडासारख्या कापडावर काढलेलं. घामाच्या हातानं खराब होतं म्हणून बागचीसाहेब ते पेटीत कुलुपात ठेवत. बागचीसाहेब म्हणजे फर्मचे मालक, त्या महिन्यात भिलाईतच मुक्कामाला होते. त्यांच्याकडे चावी मागायची म्हणजे आधी प्रवचन ऐकायचं. मी म्हटलं, कशाला? निळ्या प्रिंटवर पट्टी लावली, प्रमाणानं गुणलं आणि सांगून टाकलं: पाच हजार नऊशे साठ. कलकत्त्यात आम्ही सगळे सर्रास असंच करायचो.

पण कलकत्ता वेगळं आणि भिलाई वेगळं, हे ध्यानातच आलं नाही. तेव्हा निळे प्रिंट पाण्यात धुवून दोरीवर वाळवत. कलकत्त्याला ते सावलीत, दमट हवेत आरामात वाळायचे. भिलाईत मे महिना. ऑफिसमागं दोरीवर टाकला की दहा मिनिटांत कागद पापडासारखा कडक. ओला कागद असा झपाट्यानं वाळला की आक्रसतो. एकास पंचवीसच्या प्रमाणात कागद दीडेक मिलिमीटर कमी झाला, की जमिनीवर चाळीसेक मिलिमीटर कमी.

मी प्रिंट घेऊन बागचीसाहेबांपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं. त्यांनी पेटी उघडली, ट्रेसिंग टेबलावर पसरलं आणि पट्टी लावली. सहा हजार, बरोबर सहा हजार. बाकीच्या खांबांमधल्या सगळ्या खणांसारखंच.

"काँक्रीट कहाँ तक आया होगा?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. आम्ही जीपमध्ये बसलो. साहेब रस्ताभर तो प्रिंटच बघत होते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

साइटवर रामटेके मिस्त्री होते. हे सुतारांचे मुकादम, पवनीकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. माणूस कमी बोलणारा. हातात नेहमी एक लांब बांबू, त्यावर खाचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक खण. टेपवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणायचे टेप ताणला तसा वाढते. दोन दिवसांपूर्वी माझं माप ऐकून त्यांनी हा बांबू माझ्यापुढे आडवा धरला होता आणि विचारलं होतं, "साहेब, साऱ्या खणाले एकच काठी बसून राहिली, याच खणाले कावून बसत नाही जी?"

आणि मी काय म्हणालो होतो? सांगायलाही लाज वाटते. मी म्हणालो होतो, "मिस्त्री, तुम्ही लाकूड कापा. डिझाइन आमच्याकडे राहू द्या." आजूबाजूला त्यांची माणसं उभी होती. ते "बरं" म्हणून निघून गेले होते.

मी धावत खड्ड्यापाशी गेलो आणि वाकून पाहिलं. काँक्रीट वर चढत होतं, पण बोल्टांच्या खालच्या टोकापासून अजून वीतभर खाली होतं. मला एकदम रडूच आलं. घामात कोणाला कळलं नसेल.

"मिस्त्री, थांबवा. माप चुकलं. बोल्ट चाळीस मिलिमीटर सरकवायचे आहेत. नवीन फळी किती वेळात होईल?"

रामटेक्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काँक्रीटवाल्यांना ओरडून माल दहा नंबरच्या खड्ड्याकडे वळवायला सांगितला, आपल्या दोन माणसांना खूण केली. ते शेजारच्या ताडपत्रीखालून एक फळी घेऊन आले. तयार, चारही भोकं चाळीस मिलिमीटर पुढे पाडलेली. ठोकून बसवली, बोल्ट त्यात टाकले, नट आवळले. बांबू लावला. आठ नंबरपासून मोजलेली खाच फळीवरच्या खुणेला मिळाली.

अर्धा तासही लागला नाही.

तेवढ्यात तिथले एक रशियन इंजिनिअर आले, बरोबर त्यांचा दुभाषा. काम का थांबलं म्हणून बघायला आले होते. गडी कडक, पण न्यायी. त्यांनी स्टीलचा टेप काढून स्वतः मोजलं. बरोबर होतं. मग काढून टाकलेली जुनी फळी उचलली, दोन्ही फळ्यांकडे पाहिलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं: एका खांबाला दोन फळ्या कशा?

बागचीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी एक वाक्य माझ्या ओठांवर होतं: खबरदारी म्हणून दोन करून ठेवल्या होत्या. खपलं असतं. फर्मचं नाव राहिलं असतं, माझंही. रामटेके काही बोलले नसते, ते जमिनीकडे बघत उभे होते.

मी म्हणालो, "पहिली माझ्या मापाची, ती चुकीची. दुसरी यांची. यांनी मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही."

दुभाष्यानं ते रशियनमध्ये सांगितलं. मग इंजिनिअरांनी रामटेक्यांना विचारलं, साहेबानं नाही म्हटल्यावर दुसरी फळी का केली?

रामटेके म्हणाले, "माप साहेबाचं होतं जी. लाकूड माझं होतं. उरलेलं होतं थोडं, करून ठेवली."

मी ते हिंदीत सांगितलं तसे बागचीसाहेब खो खो हसले. मग दुभाष्यानं ते रशियनमध्ये सांगितलं तेव्हा ते इंजिनिअरही हसले. नऊ नंबरमध्ये पुन्हा काँक्रीट सुरू झालं, आणि माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी मी तीन वेळा जेवलो असेन, इतकी भूक लागली होती.

बागचीसाहेबांनी मला काढलं नाही. चुकीची सगळी हकीकत पत्रात लिहून त्यांनी ते स्वतःच कारखान्याच्या ऑफिसात नेऊन दिलं. मी हादरलो, कशाला आपण होऊन सांगायचं? पण पंधरा दिवसांनी मोठ्या शेडचं काम आम्हालाच मिळालं. नंतर कळलं, आम्हाला काम द्या असं त्या रशियन इंजिनिअरांनीच सांगितलं होतं. तिथून फर्म वाढत गेली. आधी दुसरे कारखाने, मग परदेशची कामं.

रामटेक्यांची माफी मी त्यांच्या घरी जाऊन मागितली. त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. मला ते माफी मागण्याहून जड गेलं.

राहिली एक गोष्ट. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकटी असतात: काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी. त्या महिन्यापासून बागचीसाहेबांनी चौथी चौकट घातली: साइटवरून विचारलं कोणी. त्या शेडच्या सुधारलेल्या ड्रॉइंगवर तिथं पहिलं नाव लागलं ते रामटेके मिस्त्रींचं, माझ्याच अक्षरात. फर्म देशोदेशी गेली तशी ती चौकटही गेली. पुढे मी मंजुरी देणाऱ्यांपैकी एक झालो. समोर ड्रॉइंग आलं की मी आधी तीच चौकट बघायचो. रिकामी दिसली की सही न करता परत पाठवायचो. आमची पोरं वैतागायची, म्हणायची, साहेब, कोणी काही विचारलंच नाही, तर लिहायचं काय? मी म्हणायचो, मग साइटवर जा आणि तिथं कोणाला तरी विचारू द्या.