पाठमोरे फोटो आणि तुरकर बाई

सुलोचनाबाई तुरकर यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी मी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह आहे. मी लेखक नाही. कुडव्यात माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि स्वभावाने मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाईंबद्दल मला जे सांगायचे आहे ते माझ्या भित्रेपणाशिवाय सांगताच येणार नाही.

पहिली ओळख दुकानातच झाली. स्कूटीवरून उतरून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. तो सारखा अडकत होता. "दिलीप नाव ना तुझं? याच्यात पुढाऱ्यांचेच तोंडं भरून राहिले. ते काढ, कबड्डीचे ठेव." मी काढू लागलो तर ती तोंडे संपता संपेनात. बाई हायस्कूलमध्ये खेळाच्या शिक्षिका होत्या आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते तेव्हा तिथल्या कबड्डी सामन्यांना त्या पंच म्हणून जात. शिट्टी वाजवून निर्णय दिला की भलेभले गप्प बसत, हे मी ऐकून होतो. निघताना त्यांनी सांगितले की त्या कबड्डीप्रेमींचा मोबाइलवर ग्रुप काढत आहेत आणि मोबाइल कळतो म्हणून दुसरा ॲडमिन मी. नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

ग्रुप बघता बघता फुगला. दरेकशापासून पार जंगलातल्या चिचगडपर्यंतचे लोक आले. कोणता संघ कुठे खेळणार, कोणाचा गुडघा गेला, पंचाने कुठे घोळ केला, असे सगळे त्यावर चाले. निवडणूक जवळ आली की मात्र वारे बदलायचे. अमुक साहेबांचा जयजयकार, तमुक साहेबांना शिव्या, आणि कबड्डी कुठल्या कुठे. राजकारण चालणार नाही, असा बाईंचा नियम होता, पण तो राबवण्याची त्यांची रीत वेगळी होती. माणसाला आधी फोन करायचा, बोलायचे, आणि मगच मेसेज काढायचा. एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी आपल्या नेत्याची स्तुती टाकत. बाईंनी फोन केला, "भाऊ, तुमचे साहेब चांगलेच असतीन. पण कालच्या सामन्यात त्यायनं किती गडी बाद केले?" ते गृहस्थ इतके हसले, की दुसऱ्या दिवशी स्वतःहून चढाईच्या नियमांवर लिहू लागले.

खरी पंचाईत जर्सीने केली. आमच्याकडे संघाला जर्सी उमेदवार देतात आणि छातीवर स्वतःचा चेहरा छापून देतात. म्हणजे जिंकलेल्या संघाचा फोटो टाकला की एका माणसाची सात तोंडे ग्रुपवर. विरोधी गट खवळणारच. फोटो बंद करावेत, असे मी सुचवले. बाईंनी दुसरेच ठरवले: संघाचा फोटो पाठीकडून काढायचा. पाठीवर नंबर असतो, तेवढ्यावर ओळखा. लोकांनी खूप टिंगल केली. मुलगा जिंकला आणि त्याचे तोंडच दिसत नाही, म्हणून आयांनी बाईंना घरी येऊन सुनावले. पण भांडणे थांबली. आमच्या ग्रुपवरच्या विजेत्या संघांचे सगळे फोटो आजही पाठमोरेच असतात.

आता माझ्या चुकीबद्दल. मतदान आठवड्यावर आले होते आणि रविवारी मंडईत चिचगडचा अंतिम सामना होता. बहिणीच्या ऑपरेशनसाठी बाई नागपूरला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन बंद होता. सकाळी दुकान उघडतो तोच चिचगडच्या संघाचा कर्णधार सुखदेव मडावी याने संघाचा फोटो टाकला, तोही समोरून. पाठोपाठ शिव्यांचा पाऊस. कोणी लिहिले, "रविवारी मैदानात पाहून घेऊ." ॲडमिनलाच पोलीस धरतात, असे त्या दिवसांत जो तो सांगत असे. मी फोन केला नाही, फोटो नीट पाहिलाही नाही. सुखदेवला काढले आणि घाबरलेल्या माणसाला कुठे थांबावे कळत नाही म्हणून चिचगडचे उरलेले दहाजणही काढून टाकले.

थोड्याच वेळात सुखदेवचा फोन आला. "आमाले काऊन काढलं? जंगलातले आहोत म्हणून?" मी फोन कापला. मग फोटो मोठा करून पाहिला. पोरांनी दुपट्टा फाडून त्याचे तुकडे प्रत्येक जर्सीवर उमेदवाराच्या तोंडावर शिवले होते. खाली लिहिले होते, "बाई, आता समोरून चालन ना?" नियम पाळणाऱ्यांनाच मी हाकलले होते, आणि शिव्या देणारे होते ते तोंड झाकले म्हणून चिडलेले उमेदवाराचे लोक.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतले तिघे दुकानात आले. शटर अर्धे ओढले. एकजण अगदी गोडीने म्हणाला, "किस किस ने किया, सबके नाम और नंबर दे दे भाई. तेरे से कुछ नहीं." अकराही नंबर माझ्या मोबाइलमध्ये होते. ते घेऊन हे काय करतील हे मला पक्के ठाऊक होते. आज या ग्रंथात लाज न बाळगता लिहितो: मी यादी उघडली होती. बोट पहिल्या नावावर होते.

तेवढ्यात शटरखालून वाकून बाई आत आल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी ग्रुप वाचला होता आणि स्टेशनवरून थेट आल्या होत्या. हातातली पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले आणि त्या तिघांना म्हणाल्या, "नियम माझा आहे. तोंड झाकाले मीच सांगितलं होतं. नाव पाहिजे तं माझं लिहून घ्या. रविवारी पंच मीच आहो, तिथंई भेटा." असे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. ते गेले, पण जाताना एकाने काउंटरवर ठेवलेली बाईंची पिशवी सावकाश खाली सरकवून दिली. तिच्यातल्या डब्यातला भात फरशीवर सांडला.

बाईंनी तो भरला आणि मला अकरा फोन करायला लावले, समोर बसून. सुखदेव म्हणाला, "बाईनं सांगितलं म्हणून करून राहिला का?" मी खरे ते सांगितले, की मी भ्यालो होतो. तो म्हणाला, "आमीई भेलो आहोत. पण खेळाले येऊन राहिलो."

रविवारी उमेदवाराची माणसे सीमारेषेला चिकटून उभी होती. चिचगडची पोरे तुकडे शिवलेल्या जर्सीतच उतरली. संपूर्ण सामनाभर माझी नजर चढाईवर नव्हती, त्या माणसांच्या हातांवर होती. बाई मात्र रेषेवर, त्या माणसांच्या आणि पोरांच्या मधोमध फिरत राहिल्या. चिचगड हरले. कोणाला खरचटलेही नाही. गर्दी पांगल्यावर बाई मैदानातच खाली बसल्या. मी पाणी दिले तर पेला तसाच बाजूला ठेवून त्या उमेदवाराची माणसे खरोखर गेली का, ते वळून वळून पाहत राहिल्या. "भेव लागला होता का बाई?" मी विचारले. "मंग? मी का दगडाची आहो?" त्या म्हणाल्या. "पण रेषेवर उभे होते त्यायच्या आया मले ओळखतात."

गेल्या महिन्यात बाईंनी ग्रुप माझ्या हवाली करण्याचे ठरवले आणि पुन्हा निवडणूक तोंडावर आहे. सुलोचनाबाईंना उत्तम आरोग्य आणि शंभर वर्षांचे आयुष्य लाभो, हे मी मनापासून मागतो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. त्या दिवशी बाई पोचल्या नसत्या, तर मी ते नंबर दिले असते. पुढच्या वेळी देणार नाही, असे अजूनही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.