थांबलेले ओठ

रविवारी चर्चमधल्या उपासनेत सुमनमावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. गेल्याच महिन्यात त्यांचा एकुलता एक मुलगा, रुबेन, तापानं गेला. दफनाच्या दिवशीही न रडलेल्या मावशींकडे मंडळीतले सगळे चोरून बघत होते.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली. मावशी सगळ्यांबरोबर म्हणत होत्या. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणायची वेळ आली आणि त्यांचे ओठ मिटले. बाकीचे पुढे गेले. दोन वाक्यांनंतर त्यांचा आवाज पुन्हा आमच्यात मिसळला.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मावशी, इतकं जड जातंय तर थोडे दिवस घरीच प्रार्थना करा ना."

"घरी करून बघते गं," त्या म्हणाल्या. "त्या ओळीला जीभ उचलत नाही, आणि तिथंच सगळं थांबतं. इथं मी थांबले तरी तुम्ही थांबत नाही. मग पुढचं म्हणता येतं मला."

देवाची कृपा म्हणजे वरून मिळणारं बळ, असं मी लहानपणापासून ऐकत आले. मावशींना बळ मिळालेलं मला तरी दिसलं नाही. त्यांना मिळाली होती ती फक्त आम्हा चाळीस-पन्नास माणसांच्या बेसूर आवाजांची सोबत. देवानं तीच पाठवली असेल का?

"रुबेनला रविवारी मटण लागायचं," मावशी मध्येच म्हणाल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा रडल्या.