मानाच्या जागी ठेवलेला डबा

रोज सकाळी, चहाचं आधण ठेवण्याआधी, बुरुल त्या डब्याला पालथा हात लावून बघायची. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग कोरड्या फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसायची, हिरवे दिवे मोजायची आणि स्वतःशीच म्हणायची, "गरम आहे. म्हणजे जागा आहे." चारही दिवे लागलेले असले की तिचा दिवस बरा जायचा. एखादा कमी दिसला की सुनेला हाक. "चिनारा! एक झोपलाय बघ."

डबा वाय-फायचा. नारीन या डोंगरातल्या शहराच्या वरच्या आळीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात तो मागच्या शरदात आला. तार बसवणाऱ्या माणसाने विचारलं, कुठे ठेवू? बुरुलने क्षणाचाही विचार न करता बैठकीच्या खोलीकडे बोट दाखवलं. दारासमोरची, सगळ्यात आतली बाजू, पाहुण्यातल्या थोरल्याला बसवतात ती. तिथे तिच्या लग्नात आलेली, पत्र्याने मढवलेली मोठी पेटी होती. पेटीवर रजयांची चळत थेट आढ्यापर्यंत गेलेली. पेटी आणि भिंत यांच्यामधल्या हातभर सांदीत बुरुलने एक छोटी उशी ठेवली आणि उशीवर डबा.

"तिथे नको आई, कोंडेल," तो माणूस म्हणाला.

"तू तुझं काम कर. कुणाला कुठे बसवायचं ते मला कळतं."

बुरुलने एकतीस वर्षं शहरातल्या टेलिफोन केंद्रात काढली होती. कानाला पट्टा, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. डोंगरात बर्फ पडलं की ओळी कुरकुरायच्या, तेव्हा ती दोन माणसांच्या मध्ये बसून एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायची. मुलगा झालाय. म्हातारा गेला. पैसे नकोत, तूच ये. तिथला एक नियम तिने स्वतःच केला होता: कुणी रडत असेल तर वेळ संपली तरी दोरी उपटायची नाही. त्यापायी तिला दोनदा लेखी समज मिळाली होती, आणि ते दोन्ही कागद तिने जपून ठेवले होते, इतरांनी पदकं ठेवावीत तसे.

एवढ्या लोकांना एकमेकांशी जोडून देणाऱ्या या बाईचं स्वतःच्या मुलाशी मात्र तुटलं होतं. मिर्लानने तीन वर्षांपूर्वी बापामागे उरलेला एकुलता एक घोडा आईला न विचारता विकला आणि रशियाचं तिकीट काढलं. निघायच्या सकाळी तो उंबऱ्यात उभा राहिला, बूट घालून, पिशवी खांद्याला. घर सोडणाऱ्यासाठी घरातल्या थोरल्याने दोन्ही तळवे उघडे धरून आशीर्वाद म्हणायचा, सगळ्यांनी ओमिन म्हणत तोंडावरून हात फिरवायचा, आणि मगच पाऊल बाहेर टाकायचं. बुरुल चुलीकडे तोंड करून बसून राहिली. तिचे हात मांडीवरून उठले नाहीत. चिनारा, लग्नाला सहाच महिने झालेली, मध्ये उभी होती. कधी याच्याकडे बघत, कधी तिच्याकडे. मिर्लान थोडा वेळ थांबला आणि गेला.

नंतर तो साध्या फोनवर बोलायचा. प्रकृती, हवा, कोळसा आला का. परत येता येत नव्हतं, कामाच्या परवान्याचे कागद अडकले होते. एकदा सीमा ओलांडली की कित्येक वर्षं पुन्हा आत घेणार नाहीत, असं तो सांगायचा. मागच्या शरदात बुरुलची छाती भरायला लागली. दवाखान्यातून आल्यावर ती चिनाराला म्हणाली, "त्याला द्यायचं राहिलंय ते दिलं पाहिजे."

"फोनवर म्हणा ना, अपा." चिनाराही नवऱ्यासारखंच सासूला अपा, म्हणजे आई, म्हणायची.

"फोनवर? हात कोण बघणार? मी तळवे उघडलेत की पाठीमागे बांधलेत, त्याला काय कळणार?"

म्हणून वाय-फाय. म्हणून चिनाराच्या शाळेने काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, चुलीजवळ, कारण थंडीत तेवढीच खोली ऊबदार असायची आणि बुरुलच्या छातीला बैठकीतला गारठा सोसत नव्हता.

पहिल्या रविवारी मिर्लान पडद्यावर आला, "अपा" म्हणाला, आणि तोंड उघडं ठेवून तिथेच थिजला.

"हे काय?" बुरुल म्हणाली. "दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा आ करून काय बसलाय?"

मग आवाज आला, चित्र गेलं. मग चित्र आलं, ते चौकोनांचं. बुरुलने शाल सावरली, तळवे उघडले, "वाट तुझी उजेडाची असो" इथवर म्हणाली, आणि पडदा काळा झाला. तिने हात खाली घेतले. अर्धा आशीर्वाद दिलेला न दिलेला सारखाच, असं तिचं म्हणणं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

चिनारा शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. तिने एकेक गोष्ट तपासायला घेतली. डबा बंद करून, शंभर मोजून, पुन्हा चालू केला. शेजारच्या साबिराची तिन्ही पोरं याच वाय-फायवर खेळत असल्याचं निघालं, तेव्हा पासवर्ड बदलला. साबिरा कुंपणावरून म्हणाली, "बदललास वाटतं? माझी पोरं काय तुझा नवरा खाऊन टाकणार होती?" पण चित्र थिजायचं ते थिजतच राहिलं. आजूबाजूच्या घरांचे डबे एकाच वाटेवर गर्दी करत होते, म्हणून तिने आपल्या डब्याला वेगळी वाट लावून दिली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी कंपनीचा माणूस आला. त्याने बैठकीत डब्याला थेट वायर लावून मोजलं. "लाइन चकाचक आहे, आई."

"लाइन चकाचक आहे असं मीही एकतीस वर्षं लोकांना सांगायचे," बुरुल म्हणाली. "चहा पी आणि जा."

पण त्या मोजण्याने चिनाराला कळायचं ते कळलं. वायरीने सगळं सुरळीत येत होतं, म्हणजे खोट बाहेरच्या तारेत नव्हती. ती घरातल्या घरात होती, डबा ते स्वयंपाकघर एवढ्या पंधरा पावलांत. मध्ये मातीची जाड भिंत, आणि भिंतीच्याही आधी ती पत्र्याची पेटी. डब्यातून जे निघत होतं ते पत्र्यावर आपटून तिथेच राहत होतं.

त्या संध्याकाळी तिने कणीक मळता मळता, खाली बघत, विषय काढला. "अपा, डबा जरा पुढे, दारापाशी आणला तर? दोन्ही खोल्यांच्या मध्ये येईल. तिथे खुंट्यांच्या वरची फळी रिकामी आहे."

बुरुलने चहाची वाटी खाली ठेवली. "दारापाशी?"

"हो."

"बुटांपाशी?"

"बुटांच्या वर, अपा. उंच."

"माझा मुलगा त्यातून येतो," बुरुल म्हणाली. आवाज चढला नव्हता. "या घरातून तो उंबऱ्यावरून गेलाय. मी त्याला आत बसवलं नाही. आता परत बुटांपाशीच ठेवू?"

चिनारा पुन्हा कणीक मळू लागली. सासूच्या पेटीला, रजयांना, त्या बाजूच्या कशालाच सून आपणहून हात लावत नाही. तिने लांब वायर ओढायचं सुचवून बघितलं. तर बुरुल म्हणाली, "ज्यातून तो बोलतो ती दिवसभर ओलांडायची का आपण?" विषय तिथे संपला.

एकदा बुरुल साबिराकडे गेली होती. चिनाराने पायमोजे घातलेल्या पायांनी, चोरासारखं, बैठकीत जाऊन डबा सांदीतून काढला. वायरीचं वेटोळं सोडल्यावर ती दाराच्या फळीपर्यंत पुरली. स्वयंपाकघरात येऊन तिने कॉम्प्युटर बघितला. सगळ्या रेषा भरलेल्या. तिने घाईघाईने कसलंसं गाणं लावलं, कुठेही न अडकता ते वाजलं. ती तिथे उभी राहून एक आख्खं कडवं ऐकत राहिली. मग अंगणात बुटांवरचं बर्फ झटकल्याचा आवाज झाला, आणि तिने डबा उशीवर नेऊन ठेवला, होता तसाच, दिवे खोलीकडे करून.

बुरुलने दुसऱ्या दिवशी हात लावून बघितलं आणि म्हणाली, "गरम आहे."

सांगायचं तर होतं. चिनारा रोज वाक्य जुळवायची आणि रोज भांडी घासताना ते विरघळून जायचं. अजून दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी बुरुल "उजेडाची असो" च्या पुढे, "पायाला दगड न लागो" पर्यंत पोचली होती. मिर्लानचे तळवे पडद्यावर उघडे दिसत होते, आणि ते तसेच थिजले. तो तिकडे "ऐकू येत नाही, अपा, ऐकू येत नाही" म्हणत राहिला, तेवढंच इकडे येत होतं. त्या दिवशी बुरुल चिडली नाही. पडद्यावरच्या त्या न हलणाऱ्या हातांकडे ती बराच वेळ बघत बसली. "तळव्याला घट्टे पडलेत," ती म्हणाली. "बापासारखे."

चिनाराने तेव्हा ठरवलं, पुढच्या शनिवारी अपा दुपारी झोपल्या की डबा फळीवर नेऊन ठेवायचा. रागावल्या तर रागावू देत. आशीर्वाद पुरा झाला की पाय धरायचे.

बुरुल गुरुवारी सकाळी गेली. आधण ठेवायच्या आधीची वेळ होती.

बायका आल्या, माणसं आली. अंगणात तंबू उभा राहिला. रजया एकेक करून खाली उतरल्या आणि रडायला आलेल्यांना बसायला बाहेर गेल्या. मयताला आलेल्यांना वाटायची कापडं त्याच पेटीत होती, बुरुलने स्वतः घड्या घालून ठेवलेली, म्हणून साबिराच्या नवऱ्याने आणि आणखी तिघांनी पेटी उचलून अंगणात नेली. बैठकीची आतली बाजू पहिल्यांदाच रिकामी दिसली. भिंतीवर पेटीच्या आकाराचा फिका चौकोन, खाली उशी, उशीवर डबा.

चिनाराने मिर्लानला हे सगळं दाखवण्यासाठी स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर लावला. तो आला. कुठेही न तुटता, न थिजता. त्याच्या पापण्या दिसत होत्या, कपाळावरचा एक नवा व्रण दिसत होता. बाहेरून बायकांचा आक्रोश येत होता, आणि तो त्याला ऐकू जात होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"चिनारा," तो म्हणाला. "आज इतकं स्वच्छ कसं दिसतंय?"

तिला उत्तर माहीत होतं. एका वाक्याचं होतं. तिने तोंड उघडलं आणि क्षणभर तीच थिजलेल्या चित्रासारखी दिसली असेल. "पेटी हलवली," ती म्हणाली.

त्याला त्यातलं काही कळलं नाही. त्याने दोन्ही तळवे उघडून समोर धरले आणि तसेच धरून ठेवले. चिनाराने कॉम्प्युटर बंद केला नाही. तो रडत होता.

नंतर भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, शेवटी काय म्हणाल्या गं? काही सांगून गेल्या का? कुणाला काही ठेवून? चिनारा नाही म्हणायची. सांगण्यासारखं काही नव्हतंच. जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, तिने सासूला चुलीजवळ निजवलं होतं, पाठीमागे उशी लावली होती. वाक्य ओठांवर आलं होतं, आणि ते शनिवारवर ढकलून ती दिवा घालवायला उठली. तेवढ्यात बुरुलने डोळे न उघडता सांगितलं, "डब्याचं फडकं धुवायला टाक गं. रविवारच्या आत वाळायला पाहिजे."