राधाबाईचा टाक

बुधाजी म्हणजे आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीतला शब्दाचा पक्का माणूस. गिरणीत माग चालवायचा आणि चाळीत पंच होता. बाबासाहेब गेले त्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर आम्ही दीक्षा घेतली, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने घरोघर फिरून देव्हारे रिकामे करवले. माझ्या घरातले देव त्यानेच उचलले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्यांनी आम्हाला पायरीला शिवू दिलं नाही, त्यांना घरात जागा कशाला?

एका जरी खोलीत देव सापडला तर चाळीचं तोंड काळं, असं तो म्हणायचा. आणि त्याच्याच खोलीत, तांदळाच्या डब्याच्या तळाशी, एक टाक राहिला होता. त्याच्या आईने, राधाबाईने, लपवलेला. चांदीचा पातळ पत्रा, रुपयाएवढा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस. घरचा कर्ता गेला की त्याच्या नावाने असा टाक करून देवांत ठेवायचा, अशी आमच्यात रीत होती. बुधाजी पाळण्यात असताना बाप मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. राधाबाईने गळ्यातले मणी मोडून सोनाराकडून टाक करवला. तो बिचारा जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पण सोनाराचा साचा तोच. नवऱ्याची तेवढीच खूण तिच्याकडे उरली होती.

सत्तावनच्या उन्हाळ्यात फिल्मवाले आले. धर्म बदललेल्या माणसांवर वीस मिनिटांचा माहितीपट करायचा होता. त्यांचा साहेब तसा वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत असायचा. चाळीच्या भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. असलं चित्रात आलं तर फिल्म सेन्सॉरात अडकेल म्हणून त्याने त्यावर चुना फासला. झालं! सगळी चाळ त्याच्या अंगावर धावली. समजूत काढता काढता दुपार झाली.

मग त्याला देव समुद्रात टाकतानाचं चित्र हवं झालं. देव तर कधीच बुडवलेले. साहेब म्हणाला, कोणाकडे एखादा खरा टाक उरला असेल तर तो हातात दिसू दे, फेकताना पत्र्याचा तुकडा फेका, टाक परत घरी न्या. हे ऐकून राधाबाई आत गेली आणि तिने डबा उपडा केला. परत मिळणार म्हटल्यावर आता लपवायचं कशाला, असं तिला वाटलं असणार. भोळी होती. पंचाच्याच घरात टाक निघालेला बघून कोणीतरी फिस्सकन हसलं. बुधाजीचा चेहरा मी पाहिला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौपाटीवर चंदेरी कागद लावलेली फळी माझ्या हातात दिली होती, म्हातारीच्या तोंडावर ऊन पाडायला. बुधाजीच्या एका मुठीत टाक होता, दुसऱ्या मुठीत पत्रा. साहेबाने इशारा केला. राधाबाईने पोराच्या वर गेलेल्या मुठीकडे पाहिलं आणि ती दोन पावलं पुढे आली.

"बुधा, द्येव न्हाई त्यो. तुजा बाप हाय."

त्याने टाक फेकला. मग दुसरी मूठ उघडून पत्रा वाळूत टाकला, सगळ्यांना दिसेल असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी उन्हात चमकत होतं आणि साहेब खूश होता, म्हणून मी फळी खाली घेतली नाही. भिंतीवरच्या घोषणेसाठी भांडलेले आम्ही सगळे तिथेच उभे होतो. म्हातारीसाठी कोणी भांडलं नाही.

राधाबाई त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. तो जेवायला बसला की ही उठून जिन्यात जाऊन बसायची. त्याने ओहोटीला जाऊन दोनदा वाळू चाळली, असं त्याच्या बायकोने, सुभद्रेने, मला नंतर सांगितलं. श्रावणात म्हातारी गेली. तिच्या नावाने टाक करायचा प्रश्नच नव्हता, आणि फोटो तर तिने जन्मात काढला नव्हता.

दिवाळीनंतर परळच्या एका थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी ती फिल्म लागली. चाळच्या चाळ बघायला गेली. चौपाटीवर आवाज घेतलाच नव्हता, नंतर कोणा भारदस्त गळ्याच्या माणसाकडून बोलून घेतलं होतं. पडद्यावर राधाबाई आली. तिचे ओठ हलले, डोळे भरले, आणि तो आवाज म्हणाला, जुनी पिढीही आनंदाश्रूंनी नव्या जीवनाचं स्वागत करीत आहे. थेटरात टाळ्या पडल्या. माझे हात मांडीखाली होते. तो उजेड तिच्या तोंडावर मीच पाडला होता.

फिल्म आठवडाभर होती. बुधाजी रोज पाळी बुडवून दुपारच्या खेळाला जायचा आणि मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचा. शेवटच्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हातारी पडद्यावर आली, तो भारदस्त आवाज सुरू झाला, आणि तिच्या ओठांबरोबर, एक अक्षर मागेपुढे न होता, बुधाजी हळू आवाजात बोलला.

"बुधा, द्येव न्हाई त्यो. तुजा बाप हाय."